पणबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंना त्यांच्या ऑफिसात सगळे पणबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. त्यांना ते माहीत आहे आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. मीटिंगमध्ये कुणी एखादी योजना मांडली, सगळ्यांनी माना डोलावल्या, चहाचे कप रिकामे झाले आणि आता उठायचं, एवढ्यात कोपऱ्यातून बारीक आवाज येतो, "पण..." की अर्धवट उठलेले लोक पुन्हा खुर्चीत बसतात. घरीही तेच. मी एकदा जाड कापडाचे पडदे शिवून पुढच्या खोलीत लावले आणि कौतुकाने म्हटलं, "बघा ताई, खोली कशी गार झाली." तर म्हणाल्या, "पण आज बाहेरच गार आहे गं. मागच्या खोलीत जाऊन बघ, तिथे कुठे पडदे आहेत?" मी गेले. मागची खोलीही तेवढीच गार होती. अशा बाईबरोबर एका छपराखाली माणसाने कसं राहावं, तुम्हीच सांगा.

आम्ही राहतो मात्र. वरच्या मजल्यावर त्या आणि माझे थोरले दीर, खाली मी आणि माझा नवरा. चूल वेगळी, पण रविवारी दुपारी जेवायला सगळे आमच्याकडे. थोरले दीर औषधाच्या दुकानात असतात. दिवसभर गिऱ्हाइकांची दुखणी ऐकून आल्यावर त्यांना बोलायचा कंटाळा असतो. मी घरीच पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवून देते. नवरा शहराच्या प्रशिक्षण केंद्रात मास्तर आहे, फ्रिज आणि एसीची दुरुस्ती शिकवतो. आणि जाऊबाई शहराच्या मुख्य कचेरीत, मूल्यमापन कक्षात.

कक्ष म्हणजे काय, तर लिफ्टच्या यंत्राशेजारची एक खोली. लिफ्ट हलली की टेबल थरथरतं. माणसं दोन, जाऊबाई आणि एक निवृत्तीला आलेला कारकून. काम सांगायला सोपं आहे. शहर लोकांसाठी ज्या योजना चालवतं, त्यांनी लोकांचं खरोखर काही भलं झालं का, ते जाऊन बघायचं आणि वर कळवायचं. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या, तिथून इकडे आल्या.

सुरुवातीलाच त्यांनी एक गोष्ट करून दाखवली होती. शाळांमध्ये पोरांनी हात धुवावेत म्हणून बेसिनं बसवली होती. खात्याचा अहवाल चकाचक, सगळी बेसिनं बसली, फोटो निघाले. जाऊबाई मधल्या सुट्टीत शाळाशाळांतून जाऊन व्हरांड्यात बसल्या. बेसिन होतं, नळाला पाणी होतं, साबण होता, फक्त पोरं नव्हती. कारण बेसिनं मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसवलेली. तिथून पाइप जवळ पडत होता, आणि पाहुण्यांनाही आल्या आल्या दिसत होती. त्या दाराच्या वाऱ्याला तरी कुठलं पोर उभं राहणार? त्यांनी सुचवलं, आधी थोड्या शाळांमध्ये बेसिनं मैदानाच्या वाटेवर हलवून बघा. हलवली, तिथे रांगा लागल्या. जिथे नाही हलवली, तिथे साबण तसाच वाळत पडला. त्या वेळच्या साहेबांनी ऐकलं आणि मग सगळीकडची हलवली. हे एक यश त्यांच्या गाठीला होतं. त्या जोरावर त्या पुढची कितीतरी वर्षं त्या थरथरत्या टेबलाशी बसल्या.

आता मुख्य गोष्ट. एका रविवारी नवरा मोठ्या खुशीत होता. जेवताना म्हणाला, "यंदा आमच्या सहाही केंद्रांत इतके अर्ज आले की जागा पुरेनात. शेवटी चिठ्ठ्या टाकून पोरं निवडली."

जाऊबाईंचा घास हातात राहिला. "आणि ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत, त्यांचे अर्ज कुठे आहेत?"

"असतील कुठल्यातरी कपाटात. का हो वहिनी?"

"फेकू नका म्हणावं. भाऊजी, तुमच्याकडे शिकून गेलेली पोरं कामाला लागतात?"

"लागतात म्हणजे? दहांतली आठ लागतात! वर्षाच्या आत."

"पण जी तुमच्याकडे आलीच नाहीत, त्यांतली किती लागतात?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ते मला काय माहीत? ती माझी पोरं नव्हेत."

"तेच तर. अर्ज करणारी सगळी सारखीच, काम शोधणारी. कोण आत गेलं आणि कोण बाहेर राहिलं, ते नुसत्या चिठ्ठीने ठरलं. म्हणजे बाहेर राहिलेल्यांकडे बघून कळेल, केंद्र नसतं तर तुमच्या पोरांचं काय झालं असतं."

"केंद्र नसतं तर ती बोंबलत फिरली असती," नवरा म्हणाला, आणि विषय तिथे संपला असं त्याला वाटलं.

तो संपला नव्हता. दुसऱ्याच दिवशी जाऊबाई साहेबांकडे गेल्या. हे साहेब बेसिनांच्या वेळचे नव्हेत, त्यांच्यानंतर आलेले खात्याचे प्रमुख, गोड बोलणारे, कुणालाही नाही न म्हणणारे. त्यांना ही पाहणी करायची कल्पना आवडली. नवी मोठी केंद्रं बांधायचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर होताच, त्याला आधार मिळाला तर हवाच होता. जाऊबाईंनी सांगितलं, "माझा धाकटा दीर तिथे मास्तर आहे. हे काम दुसऱ्या कुणाला द्या." साहेब हसले. "दुसरं आहे कोण बाई? तुमचा कारकून? तो तर दुपारी जेवून झोपतो." जाऊबाईंनी तसं लेखी दिलं, साहेबांनी त्यावर 'हरकत नाही' असं लिहिलं, आणि काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

दोन-अडीच वर्षं त्या त्यात बुडाल्या होत्या. शिकलेली पोरं आणि हुकलेली पोरं, दोन्हीकडची माणसं शोधून काढायची, पुन्हा पुन्हा विचारायचं, काम आहे का, कसलं आहे, कसं मिळालं. फोनवर कारकून आणि चार रोजंदारीच्या मुली. पण फोन लागत नसले की जाऊबाई स्वतः पत्ता शोधत निघायच्या. एका दिवशी माझं शिलाई मशीन दुरुस्तीला गेलेलं, हात रिकामे, म्हणून मीही गेले त्यांच्याबरोबर.

पहिली एक मुलगी सापडली कपडे धुऊन देण्याच्या दुकानात. वाफेच्या ढगात उभी, तोंड लाल झालेलं. तिची चिठ्ठी निघाली नव्हती. जाऊबाईंनी विचारलं तसं म्हणाली, "महिनाभर रडले मी. मग मावशीने इथे आणून सोडलं. आता ही मोठी मशीनं बंद पडली की मीच उघडते. मालकाने शिकवलं."

"केंद्रात नंबर लागला असता तर बरं झालं असतं?"

तिने विचार केला. "तेव्हा इथे जागा होती. वर्षाने आले असते तर ती दुसऱ्या कुणीतरी घेतली असती. कोण जाणे."

दुसरा होता माझ्या नवऱ्याचाच विद्यार्थी. घरी बसून होता. आम्हाला पाहून त्याची आई लगबगीने खुर्च्या पुसायला लागली. पोरगा हुशार. फ्रिज कसा उघडायचा, गॅस कुठून गळतो, घडाघडा सांगत होता. "मग काम?" विचारल्यावर आईच म्हणाली, "याला कोण ओळखतो? दुकानात जातो तर म्हणतात, कुणाकडून आलास? हा म्हणतो, केंद्रातून. ते म्हणतात, मग केंद्रातच जा." पोरगा मान खाली घालून नखं कुरतडत होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, यांना सांगू का, यांचा विद्यार्थी असा बसून आहे?" त्या म्हणाल्या, "एकावरून काही ठरत नाही गं. हा बसलाय आणि ती लागली, याचं उलटंही सापडेल. सगळी झाल्याशिवाय बोलायचं नाही." आणि पुढचा पत्ता शोधायला लागल्या.

सहापैकी एका केंद्रात मात्र वेगळंच चाललं होतं. तिथल्या मुख्य मास्तरांनी आपल्या जबाबदारीवर एक बाई हंगामी ठेवली होती. आधी ती सुट्या भागांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची, त्यामुळे शहरातले बहुतेक कारखानदार आणि दुरुस्तीवाले तिला ओळखत. फाटक्या तोंडाची, आवाज असा की रस्त्यापलीकडे ऐकू यावा. ती पोरांना घेऊन दुकानादुकानांत जायची. "आठवडाभर ठेवून बघा. नाही पटला तर माझ्याकडे परत पाठवा, पण फुकट राबवून घेतलंत तर मी दारात येऊन बसेन." तिला सगळे ओळखवाली म्हणायचे. त्या केंद्राची पोरं पटापट लागत होती, आणि शिकलेल्या कामातच लागत होती.

शेवटी सगळं हाती आलं. केंद्रात शिकलेल्यांपैकी दहांतले आठ वर्षाच्या आत कामाला लागले होते. नवरा अगदी बरोबर सांगत होता. आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांच्यातलेही दहांतले आठच. उलट ते थोडे आधीच लागले, कारण बाकीचे वर्गात बसले होते तेव्हा हे काम शोधत फिरत होते. फरक पडला तो एकाच केंद्रात, ओळखवालीच्या. तिथे शिकलेले जवळजवळ सगळे लागले होते आणि हुकलेले तिथेही आठच.

तरी जाऊबाईंनी अहवालात काय लिहिलं? तर एकाच केंद्रावरून खात्री देता येत नाही. कदाचित तिथले मास्तरच चांगले असतील, कदाचित त्या भागात कारखाने जास्त असतील. तेव्हा उरलेल्या पाचांतल्या दोन-तीन केंद्रांत, तीही चिठ्ठी टाकून निवडून, अशीच एकेक बाई किंवा माणूस वर्षभर ठेवून बघा. फरक दिसला तर सगळीकडे करा. तोवर नवी केंद्रं बांधू नका. एवढं साधं.

अहवाल दिला त्या संध्याकाळी त्या खाली आल्या. नवरा सोफ्यावर पाय पसरून बसला होता. त्या उभ्याच राहिल्या. "भाऊजी, मी आज अहवाल दिला. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते." आणि सगळं सांगितलं, काही न लपवता, काही न मऊ करता. त्यांना मऊ करता येतच नाही.

नवरा ऐकत गेला तसतसा त्याचा तिळपापड होत गेला. "म्हणजे आजवर मी माशा मारल्या?"

"नाही. पोरांना काम येतं. मी पाहिलंय. काम येतं, मिळत नाही."

"माझी आठ पोरं लागली ते तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं. पण ती तशीही..."

"पुरे!" तो एवढ्या जोरात ओरडला की वरून थोरले दीर जिन्यापर्यंत आले. "वहिनी, घरातल्या माणसाच्या पोटावर पाय द्यायला तुम्हाला दुसरं खातं सापडलं नाही?"

जाऊबाई वर गेल्या. खरं सांगते, त्या दिवशी मलाही त्यांचा भयंकर राग आला. केंद्र बंद पडलं तर आमचं काय, एवढंच माझ्या डोक्यात. रविवारची जेवणं बंद झाली. जिन्यात समोरासमोर आलो की मी पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करायची.

केंद्र बंद पडणार, ही धास्ती मात्र व्यर्थ निघाली. झालं ते वेगळंच, आणि ते मला कारकुनाने सांगितलं. तो घरी काही कागद द्यायला आला होता, जाऊबाई नव्हत्या, म्हणून मी त्याला चहा दिला तर त्याने सगळी मीटिंग नक्कल करून दाखवली. साहेब म्हणाले, अहवाल फार उत्तम आहे. सगळे म्हणाले, फारच उत्तम. इतकं खोलात जाऊन कुणी काम केलं नव्हतं. टाळ्यासुद्धा झाल्या. मग साहेबांनी बांधकामवाल्यांना विचारलं, "सातव्या केंद्राचा नकाशा आणलाय ना?"

"आणि बाई?" मी विचारलं.

"बाई म्हणाल्या, पण," कारकून म्हणाला. "साहेब म्हणाले, त्यावर नंतर सविस्तर बोलू. मग समोसे आले."

महिन्याभरात खात्याची रंगीत पुस्तिका छापून आली. तिच्यात लिहिलं होतं की दहांतली आठ पोरं कामाला लागतात असं 'स्वतंत्र मूल्यमापनातून सिद्ध झालं आहे'. खाली जाऊबाईंचं नाव. हुकलेल्या पोरांबद्दल चकार शब्द नाही. मूल्यमापनाच्या शिफारशीनुसार सातवं केंद्र मंजूर, आणि सगळ्या केंद्रांत हजेरीसाठी अंगठ्याची मशीनं. ओळखवालीची जागा मंजूर यादीत बसत नव्हती, म्हणून तिला काढून टाकलं. जे एक चालत होतं तेवढंच नेमकं बंद.

त्या दिवशी जाऊबाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आत काय झालं ते पुढे त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी पुस्तिका टेबलावर ठेवली. "हे मी म्हटलेलं नाही."

"आकडा तुमचाच आहे बाई. आठ."

"दुसराही आठ माझाच आहे. तो कुठे गेला?"

साहेबांनी खुर्ची मागे रेटली. चिडले नाहीत, तो माणूस चिडत नसेच. म्हणाले, "हे बघा, तुमचं बरोबर आहे. मला पहिल्या दिवशीच कळलं. पण मला निवडून आलेल्या माणसांपुढे उभं राहायचं असतं. ते विचारतात, काय केलंत? इमारत असली की बोट दाखवता येतं. एक बाई पोरांना घेऊन दुकानादुकानांत हिंडते, हे मी कसं दाखवू? फोटो कशाचा काढू?"

"एका इमारतीच्या किमतीत अशा किती बाया येतील, तुम्ही हिशेब केलात?"

"इमारतीचा निधी बायांवर खर्च करता येत नाही. ते खातंच वेगळं आहे." आणि हात पुढे करून म्हणाले, "तुमचं नाव नको असेल तर काढायला सांगतो."

"नाव काढा, नाहीतर माझं म्हणणं पूर्ण छापा."

नाव काढलं. पुढच्या छपाईत तेच वाक्य होतं, 'स्वतंत्र मूल्यमापनातून सिद्ध', आणि खाली कुणीच नव्हतं. आता भांडायचं तरी कुणाशी? त्यांनी मूळ अहवाल जिथे जिथे देता येईल तिथे दिला. दोन नगरसेवकांच्या घरी जाऊन आल्या. एकाने तो वाचायला ठेवून घेतला. दुसऱ्याने विचारलं, सातवं केंद्र माझ्या वॉर्डात येईल का, ते बघा.

इकडे माझ्या नवऱ्याचं वेगळंच चाललं होतं. वहिनींना खोटं पाडायचं म्हणून त्याने आपल्या जुन्या पोरांना एकेक करून फोन लावायला घेतले. जेवण झालं की फोन घेऊन बसायचा. पहिले काही दिवस छाती फुगवून सांगायचा, हा लागला, तो लागला. मग विचारायला लागला, कसलं काम? कुणी सामान पोचवत होतं, कुणी मॉलच्या दाराशी उभं होतं. फ्रिजला हात लावणारे मोजकेच, आणि त्या मोजक्यांना विचारलं, काम कसं मिळालं, तर काकाने लावलं, शेजाऱ्याने लावलं. एका संध्याकाळी त्याने फोन सोफ्यावर टाकला. मला वाटलं, आता वर जाऊन भांडणार. गेला वर, पण दाराशी उभा राहून एवढंच म्हणाला, "वहिनी, त्या ओळखवालीचा नंबर आहे का?"

ओळखवाली आता एका टायरच्या दुकानात लागली होती आणि खात्यावर भयंकर भडकलेली. पण तिने कोण मालक भला आणि कोण पोरांना राबवून घेतो, ते सगळं सांगितलं. नवऱ्याने ठरवलं, शनिवारी स्वतःच पोरांना घेऊन निघायचं.

तेव्हा कुठे पुन्हा रविवारी सगळे एकत्र जेवायला बसलो. नवऱ्याने मोठ्या उत्साहाने बेत सांगितला. जाऊबाईंनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "पण तुम्ही हुशार पोरांना आधी न्याल. ती लागली तर कशामुळे लागली, कसं कळणार?"

"अहो वहिनी, आता तरी!" नवऱ्याने कपाळावर हात मारला. थोरले दीर खाली मान घालून हसत होते.

"एका शनिवारी किती जणांना नेता येतं?"

"चौघांना. फार तर पाच."

"म्हणजे बाकीच्यांना तसंही थांबावंच लागणार. मग आधी कोण आणि नंतर कोण, ते चिठ्ठीने ठरवा. कुणावर अन्याय नाही, आणि आपल्याला कळेलही."

"आणि माझा सगळ्यात गुणी पोरगा शेवटच्या चिठ्ठीत आला तर?"

"तर तो शेवटी जाईल," जाऊबाई म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटेल."

बराच वाद झाला. नवरा दोनदा पानावरून उठला आणि दोनदा परत बसला. शेवटी त्याने चिठ्ठ्या टाकल्या. गुणी पोरगा खरंच मागे राहिला आणि नवऱ्याने ते महिने मोठ्या जिवावर येऊन काढले, कितीदा तरी त्याला चोरून न्यायची इच्छा झाली असं मला म्हणाला, पण नेलं नाही. वर्षअखेर दिसलं ते स्पष्ट होतं. ज्यांना आधी नेलं ते आधी लागले, आणि फ्रिज-एसीच्याच कामात. थांबलेले त्यांची पाळी येईपर्यंत बहुतेक तसेच होते.

जाऊबाईंनी दोन पानांत ते लिहिलं. त्यातही घातलंच, एकच वर्ग, माणसं थोडी, ठाम म्हणता येत नाही, मोठ्या प्रमाणावर करून बघावं. मी म्हटलं, "ताई, एवढं एक वाक्य तरी गाळा ना. ते लोक बघा कसे छातीठोक बोलतात." त्या म्हणाल्या, "ते गाळलं तर माझ्यात नि पुस्तिकेत फरक काय?"

ती दोन पानं वर पोचली तोवर गोड बोलणारे साहेब बदलून गेले होते. नवे साहेब तरणे, झपाट्याचे. त्यांनी जाऊबाईंना बोलावून घेतलं. म्हणाले, जुन्या केंद्रांचा विषय आता मागे टाकू. आपण ॲप आणतोय. पोरांनी नाव टाकायचं, मालकांनी बघायचं, काम जागेवर. सगळ्या शहरात एकाच दिवशी सुरू. आणि तुम्ही त्याचं मूल्यमापन करा, मला मूल्यमापनावर फार विश्वास आहे.

"पण आधी थोड्या वॉर्डांत सुरू करून..."

"वेळ नाही हो. एका दमात सगळीकडे."

"सगळीकडे एकदम सुरू केलं तर तुलना कशाशी करायची?"

"आधीशी करा ना," साहेब म्हणाले. "आधी ॲप नव्हतं, आता आहे." आणि फोन वाजला तो उचलला.

त्या दिवशी मी वर गेले तेव्हा जाऊबाई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. खरं तर घासत नव्हत्या, एकच पातेलं हातात धरून नुसता नळ सोडलेला. मी नळ बंद केला. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही नीटसं रडल्या नाहीत.

"मला कुणी खोटारडी म्हटलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर बरं झालं असतं गं. भांडले असते, सगळी माहिती पुढे टाकली असती. पण कुणी तसं म्हणतच नाही. जो तो म्हणतो, बाई, तुमचं अगदी बरोबर आहे. आणि उठून पाहिजे ते करतो. बरोबर असून मी केलं काय? त्या ओळखवालीची नोकरी घालवली, एवढंच."

मी ते पातेलं त्यांच्या हातातून घेतलं आणि घासून टाकलं. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. थोरले दीर आत डोकावले, आमच्याकडे बघितलं आणि बाहेर जाऊन बसले.

यात कुणाचं काय झालं म्हणाल, तर सातवं केंद्र उभं राहिलं, काचांच्या भिंतीचं. माझा नवरा अजून शनिवारी पोरांना घेऊन फिरतो, स्वतःच्या पेट्रोलवर. केंद्राचे प्रमुख त्याला म्हणतात, मास्तर, हे तुमच्या कामात बसत नाही. ओळखवालीने टायरच्या दुकानात गल्ला सांभाळता सांभाळता दोन पोरं तिथेच चिकटवली. ॲप अजून आलेलं नाही. ठेकेदाराशी काहीतरी अडलंय म्हणतात.

आणि त्या दिवसानंतर चार दिवसांनी जाऊबाई भल्या सकाळी चपला घालताना दिसल्या. सुट्टीचा दिवस होता. विचारलं तर म्हणाल्या, कारकुनाने कळवलंय की शहराच्या टोकाच्या दोन वॉर्डांत नेटवर्क धड नाही, तिथे ॲप बाकीच्यांपेक्षा पाच-सहा महिने उशिरा पोचणार. म्हणजे तुलना करायला तेवढी माणसं हाताशी आहेत. पण आत्ता तिथली स्थिती काय आहे ती आधीच टिपून घ्यायला हवी, एकदा ॲप आलं की आधीचं काही कळणार नाही.

"साहेबांनी सांगितलंय?" मी विचारलं.

"नाही."

"मग पुढे कुणी वाचणार आहे?"

त्यांनी चपलेचा पट्टा ओढून घट्ट केला. चेहरा रागीटच होता. "बहुतेक नाही," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून जरा वैतागूनच विचारलं, "तुझं मशीन चालू आहे का आज? नसेल तर चल. तो भाग मोठा आहे आणि माझे गुडघे दुखतात."

मशीन चालू होतं. तरी गेले.